रांगेतून कॅमेऱ्यामागे : विटा परिसरातील विद्यार्थिजीवन आणि छायाचित्रण

विद्यार्थ्याच्या नित्याच्या जीवनाचा इतिहास लिहिताना सर्वांत मोठी अडचण साधनांची असते. शिक्षणसंस्थांचे अहवाल इमारतींची, अनुदानांची आणि निकालांची नोंद ठेवतात; परंतु विद्यार्थी सकाळी कोणत्या गाडीने येत असे, मधल्या सुट्टीत कोणत्या झाडाखाली बसत असे, संमेलनासाठी कोणाचा सदरा मागून घालत असे, यांची नोंद ठेवण्याचे काम कोणाकडेच नसते. ही उणीव ज्या एका साधनाने काही अंशी भरून निघते, ते म्हणजे छायाचित्र. आणि या साधनालाही स्वतःचा इतिहास आहे, कारण विद्यार्थी आधी छायाचित्रात आला, तेथे कित्येक दशके रांगेत बसून राहिला, आणि कॅमेरा त्याच्या स्वतःच्या हाती पुष्कळ उशिरा आला. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे ठिकाण असलेल्या विटा शहराच्या परिसरात हे स्थित्यंतर विशेष स्पष्ट दिसते, कारण महाविद्यालय आणि कॅमेरा या दोन्ही गोष्टी या अवर्षणप्रवण भागात एकापाठोपाठ, थोड्याच अंतराने पोहोचल्या.

विटा हे कराडच्या पूर्वेस, गुहागरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले गाव असून रेल्वेमार्ग गावापर्यंत आलेला नाही. १९४९ पूर्वी हा भाग सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याची नावे बदलली, तरी उच्च शिक्षणासाठी गाव सोडण्यावाचून गत्यंतर नाही ही या तालुक्यातील मुलांची स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बदलली नाही. तत्कालीन खानापूर तालुक्यातील देवराष्ट्रे (आज हे गाव कडेगाव तालुक्यात आहे) येथे १९१३ साली जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांना शाळेसाठी कराड, पदवीसाठी कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय आणि कायद्याच्या अभ्यासासाठी पुणे असा टप्प्याटप्प्याने गावापासून दूर जाणारा मार्ग धरावा लागला. सांगलीत १९१९ पासून विलिंग्डन महाविद्यालय होते खरे, तथापि खोली, खानावळ आणि फी यांचा खर्च कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला झेपणारा नव्हता.

याच्या कितीतरी आधी, मुंबईत मात्र विद्यार्थी आणि कॅमेरा यांची गाठ पडलेली होती. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू करण्यात आला. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली, म्हणजे विद्यापीठ येण्याआधीच तेथील विद्यार्थी छायाचित्रांच्या काचा धुवायला शिकत होते, ही बाब शिक्षणाच्या इतिहासात जितकी ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही. या वर्गातून पुढे आलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले, तर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर नारायण दाजी यांनी सोसायटीच्या कामात भाग घेऊन आपली छायाचित्रे प्रदर्शनात मांडली. त्या काळची पद्धत ‘ओल्या काचेची’ होती: काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी ती अंधारात नेऊन धुवायची. अशा कामाला तंबू, रसायने आणि मदतनीस लागत असल्यामुळे छायाचित्रण हा छंद असला, तरी तो श्रीमंतांचा किंवा सरकारी अधिकाऱ्यांचा छंद होता.

कोरडी काच बाजारात आल्यावर, म्हणजे १८८० च्या सुमारास, ही अडचण कमी झाली आणि शिकून पोट भरण्याची विद्या म्हणून तरुण छायाचित्रणाकडे वळू लागले. बडोद्यात १८९० मध्ये स्थापन झालेल्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले सर्वांत प्रसिद्ध मराठी विद्यार्थी म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके होत; मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून तेथे गेलेल्या फाळक्यांनी पुढे गोध्र्यात छायाचित्रकार म्हणून व्यवसायही केला. महाविद्यालयीन तरुणाने हौसेखातर कॅमेरा बाळगावा ही कल्पना मात्र अजून लांबच होती.

विट्याच्या जवळपास छायाचित्रणाची जाण प्रथम रुजली ती कोणत्याही महाविद्यालयात नव्हे, तर एका संस्थानात आणि एका कारखान्यात. विट्याच्या वायव्येस असलेले औंध संस्थान आकाराने लहान आणि विखुरलेले होते. आटपाडी आणि कुंडल हे त्याचेच भाग. तेथील अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार असून, शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे करणाऱ्या या राजाने नमस्काराची एकेक स्थिती दाखविण्यासाठी आपली स्वतःची छायाचित्रे पुस्तकात दिली. छायाचित्र हे शोभेपेक्षा शिकविण्याचे साधन आहे, ही समज त्या परिसरात येथून दिसू लागते. औंधात येऊन स्वाध्याय मंडळ चालविणारे वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी त्याआधी लाहोरमध्ये चित्रकला आणि फोटोग्राफी यांचा व्यवसाय केला होता, आणि किर्लोस्कर घराण्यातील शंकरराव हे चित्रकला शिकण्यासाठी त्यांच्याकडे लाहोरला गेले होते. याच शंकररावांनी संस्थानच्या हद्दीतील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ज्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. या मासिकांतील छायाचित्रे हाफटोन ठशांनी, म्हणजे चित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या ठशांनी छापली जात. स्टुडिओची पायरी कधीही न चढलेल्या वाचकाला छायाचित्र पाहण्याची सवय लागली ती अशा छापील पानांवरून, आणि हा वाचक मुख्यतः विद्यार्थी व शिक्षक या वर्गातला होता.

खेड्यातील गरीब मुलाच्या शिक्षणाची वाट मात्र वेगळ्याच दिशेने आली. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास हलविले, आणि तेथे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उभे केले, ज्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. येथील विद्यार्थ्यांच्या दिवसाचे स्वरूप शहरातील विद्यार्थ्याला ओळखूही आले नसते: पहाटे उठणे, पाणी भरणे, दळण-स्वयंपाक पाळीपाळीने करणे, शाळेच्या आधी वा नंतर शेतात काम करणे आणि त्या श्रमातून आपला खर्च भागविणे. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९४७ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात उच्च शिक्षणालाही लागू झाली, आणि हात मातीत असलेला मुलगा पदवीधर होऊ शकतो हे तेथे सिद्ध झाले.

वसतिगृहे आणि शाळा यांच्या आयुष्यात कॅमेरा वर्षातून एखाद्या दिवशी येई, आणि तो दिवस सामूहिक छायाचित्राचा असे. या प्रकाराकडे इतिहासकारांनी तो केवळ औपचारिक म्हणून दुर्लक्ष केले आहे. वस्तुतः विद्यार्थिजीवनाची श्रेणीरचना इतक्या उघडपणे मांडणारा दुसरा दस्तऐवज नाही. पहिली रांग जमिनीवर मांडी घालून बसलेल्या लहान मुलांची, दुसरी खुर्च्यांवर बसलेल्या शिक्षकांची, तिच्या मध्यभागी मुख्याध्यापक किंवा प्राचार्य, मागे उभ्या विद्यार्थ्यांची रांग आणि तिच्याही मागे बाकांवर चढलेल्यांची. पुढे पाटीवर खडूने लिहिलेले वर्ष आणि इयत्ता. तिपाईवरच्या मोठ्या कॅमेऱ्यामागे काळ्या कापडाखाली डोके घालून छायाचित्रकार काचेवरचे उलटे चित्र जुळवीत असे आणि कोणी हलू नये म्हणून वारंवार बजावीत असे, कारण झाकण उघडे राहण्याच्या त्या काळात मान वळविणाऱ्याचा चेहरा पुसला जाई. पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या या चित्राखाली ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ अशी नावांची यादी छापली जात असे. ज्याचे नाव आयुष्यात एकदाच छापून आले आणि तेही या यादीत, अशा माणसांची संख्या मोठी असणार. अनवाणी पाय, एकाच कापडाचे वाटणारे सदरे, टोप्या आणि फेटे, मुलींची अत्यल्प संख्या किंवा संपूर्ण अनुपस्थिती, हे सारे या चित्रांतून जितके कळते तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीला या विद्यापीठाला ३४ महाविद्यालये संलग्न होती आणि विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १४,००० होती. त्यानंतरच्या काळात तालुक्यातालुक्यांत महाविद्यालये निघाली. विट्यात रयत शिक्षण संस्थेचे बळवंत महाविद्यालय उभे राहिले आणि खानापूर-आटपाडी भागातील मुलाला, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे मुलीला, घरी राहून पदवी घेणे शक्य झाले. या एका बदलाने ‘विद्यार्थी’ या शब्दाचा अर्थच या भागात पालटला, कारण आधी विद्यार्थी म्हणजे गाव सोडून गेलेला मुलगा असे, आणि आता तो रोज सकाळी जाऊन दुपारी परत येणारा, धार काढून निघणारा आणि परतल्यावर वैरण आणणारा घरचाच माणूस झाला.

या रोजच्या ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचे जीवन एस.टी.च्या वेळापत्रकाभोवती फिरत राहिले. सवलतीचा पास हे त्याचे पहिले ओळखपत्र, आणि त्यावर चिकटविण्यासाठी काढलेला छोटा फोटो हे अनेकांचे पहिले एकट्याचे छायाचित्र. सामूहिक छायाचित्रात हरवलेला चेहरा या चौकोनात प्रथमच वेगळा झाला, ही घटना बाहेरून किरकोळ दिसली, तरी तिचे मोल कमी नाही. स्टुडिओत जाणे, तेथे ठेवलेला कंगवा फिरविणे, प्रसंगी तेथलाच कोट अंगावर चढविणे, रंगविलेल्या पडद्यासमोर ताठ बसणे आणि तीन प्रतींचे पैसे देऊन उरलेली एक प्रत घरी देव्हाऱ्याशेजारी लावणे, असा या छायाचित्राचा प्रवास असे. विट्याच्या संदर्भात त्याला आणखी एक पदर आहे. या परिसरातील असंख्य कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत विखुरलेली आहेत. दूरच्या शहरात भट्टीपुढे बसणाऱ्या वडिलांना गावी वाढणारा मुलगा कसा दिसतो हे पत्रासोबतच्या छायाचित्रावाचून कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

महाविद्यालयाच्या आवारातील उपक्रमांनी वर्गाबाहेरच्या जीवनाला आकार दिला. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ पासून होती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि दत्तक गावात सात दिवस राहून श्रमदान करण्याचे विशेष शिबिर ही ग्रामीण महाविद्यालयांची मोठी घटना ठरली. त्याशिवाय भित्तिपत्रक, वादविवाद, क्रीडास्पर्धा, सहल आणि वर्षअखेरचे स्नेहसंमेलन, ज्याला बोलीत ‘गॅदरिंग’च म्हटले जाते. संमेलनातील ‘फिशपॉन्ड’, म्हणजे नाव न सांगता एकमेकांना उद्देशून लिहिलेल्या खोचक चिठ्ठ्या मंचावरून वाचण्याचा प्रकार, पारंपरिक पोशाखाचा दिवस आणि एकांकिका यांचे वर्णन कितीही केले तरी त्यांतला जिवंतपणा शब्दांत उतरत नाही. या सर्वांची स्मृती ज्यात साठविली गेली ते म्हणजे महाविद्यालयाचे वार्षिक नियतकालिक. त्यातील कविता-कथा विद्यार्थ्यांच्या, संपादकीय प्राध्यापकांचे, आणि मध्यभागी गुळगुळीत कागदावर छापलेली छायाचित्रांची काही पाने. अंक हाती पडल्यावर सर्वांत आधी उघडली जातात ती हीच पाने.

त्या पानांवरील छायाचित्रे कोण काढत असे, हा प्रश्न विचारला की छंदाच्या इतिहासाला हात घालता येतो. प्रारंभी हे काम बाजारपेठेतील स्टुडिओचालकाकडे असे. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी कॅमेरे आणि फिल्म दुर्मीळ व महाग होते. १९६० मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ‘इंदू’ या नावाची देशी फिल्म मिळू लागली. कॅमेऱ्यांच्या बाबतीत बडोद्यात तयार होणाऱ्या ‘आगफा क्लिक ३’ या साध्या पेटीवजा कॅमेऱ्याने मध्यमवर्गीय घरात प्रवेश मिळविला. ज्या बडोद्यात फाळके छायाचित्रण शिकले, तेथूनच पाऊणशे वर्षांनी सामान्य घरातील कॅमेरा निघावा, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे. या कॅमेऱ्यात अंतर जुळविण्याची खटपट नव्हती, प्रकाशासाठी ऊन आणि ढग अशा खुणा होत्या, आणि एका रोलवर बारा चौरस छायाचित्रे निघत.

बारा हा आकडा येथे निर्णायक आहे. सहलीला किंवा शिबिराला निघालेल्या गटात कॅमेरा एकाचा, रोल वर्गणीतून आणि छायाचित्रे बारा, अशी स्थिती असल्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. कोणाला घ्यायचे, कोणत्या जागी, सूर्य कोणाच्या पाठीशी आहे, याची चर्चा होई. आणि काढलेले चित्र कसे आले हे रोल ‘धुऊन’ येईपर्यंत, म्हणजे कित्येकदा पंधरवडाभर, कळत नसे. या कंजूषपणातून एक प्रकारची दृष्टी तयार झाली, असे म्हणण्यास जागा आहे: हौशी विद्यार्थी कमी पाहत नव्हता, पण निवडून टिपत होता. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अंधारखोलीची रसायने अगदीच परकी नव्हती, कारण न विकसलेले चांदीचे क्षार विरघळवून चित्र कायम करणारा ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, त्याला प्रयोगशाळेत आयोडीनच्या अनुमापनातून परिचित असे. लाल दिव्याच्या उजेडात, ट्रेमधील द्रावणात बुडालेल्या कोऱ्या कागदावर मित्राचा चेहरा हळूहळू उमटताना पाहणे हा अनुभव ज्याने घेतला, त्याला रसायनशास्त्र केवळ परीक्षेचा विषय म्हणून उरत नसे.

१९८० नंतर ३५ मिलिमीटर फिल्मचे, ३६ छायाचित्रे देणारे कॅमेरे आणि रंगीत छपाईची यंत्रे तालुक्यांपर्यंत पसरली, कृष्णधवल अंधारखोल्या ओस पडल्या, आणि छायाचित्र काढणाऱ्याचा छपाईशी असलेला हाताचा संबंध तुटला. याच काळात छंदाला स्पर्धेचे रूप मिळाले. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवा महोत्सवांत ललित कला विभागात स्थळचित्रण, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी यांच्या सोबतीला ‘स्पॉट फोटोग्राफी’ आली. तिचे डिजिटल काळातील नियम मुद्दाम पाहण्यासारखे आहेत: विषय जागेवरच जाहीर होतो, अडीच तासांत पाच छायाचित्रे काढायची असतात, कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड परीक्षक स्पर्धेपूर्वी कोरे करून घेतात आणि संगणकावर चित्रात फेरफार करण्यास मनाई असते. नव्या साधनावर जुनी शिस्त लादण्याचा, बारा छायाचित्रांच्या रोलचा काटकसरी संस्कार जपण्याचा हा प्रयत्न आहे, असे या नियमांचे स्वरूप पाहून वाटते.

अशा स्पर्धेसाठी किंवा केवळ हौसेसाठी कॅमेरा घेऊन निघालेल्या विट्याच्या विद्यार्थ्यापुढे विषयांची वाण नाही. विजयादशमीला शहरात रंगणारी पालख्यांची शर्यत, रेणावीचे रेवणसिद्धांचे देवस्थान, बहिर्जी नाईकांची समाधी असलेला बाणूरगड ऊर्फ भूपाळगड, उघड्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून उभे केलेले सागरेश्वरचे अभयारण्य आणि त्यातील सांबर-चितळ, खरसुंडीच्या यात्रेतील खिलार जनावरांचा बाजार, यंत्रमागांच्या शेडमधून खिडकीवाटे येणाऱ्या उन्हात दिसणारी सुताची धूळ. यांपैकी प्रत्येक विषय प्रकाशाची वेगळी अडचण उभी करतो. पालखी वेगाने धावते म्हणून ती अस्पष्ट होते, माळावरचे दुपारचे ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते, शेडमधला उजेड अपुरा पडतो. माळरानावर वाढलेल्या मुलाला उन्हाची जाण उपजत असते. सकाळचे तिरपे ऊन किती वेळ टिकेल, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

मोबाइलमध्ये कॅमेरा आल्यावर छायाचित्रांची संख्या मोजण्यापलीकडे गेली, आणि त्याच सुमारास महाविद्यालयांनाही छायाचित्रांची नवी गरज निर्माण झाली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे ‘नॅक’च्या, मूल्यांकनात प्रत्येक उपक्रमाचा पुरावा द्यावा लागतो आणि अलीकडे त्यासाठी स्थानाचे अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे मागितली जातात. परिणामी वृक्षारोपण असो वा व्याख्यान, फलक स्पष्ट दिसावा, पाहुणे मध्यभागी असावेत आणि विद्यार्थी ओळीत उभे राहावेत अशी रचना पुन्हा रूढ झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या सामूहिक छायाचित्रातील रांग दुसऱ्या वाटेने परत आली. ती टिपणारा मात्र आता बहुधा विद्यार्थीच असतो, ज्याला वर्गमित्र आणि प्राध्यापक दोघेही हक्काने ‘फोटो काढायला ये’ म्हणून बोलावतात, आणि जो अहवालासाठी लागणारी दोन चित्रे काढून झाली की स्वतःसाठी तिसरे काढतो. कुदळ खाली ठेवून घाम पुसणारी मुलगी, मंचामागे संवाद पाठ करणारा नट, एस.टी.च्या खिडकीत डोके टेकून झोपी गेलेला मित्र ही त्याची तिसरी चित्रे असतात, आणि विद्यार्थ्याच्या दैनंदिन जीवनाचा शोध घेणाऱ्याला नेमकी हीच हवी असतात.

चिंतेची गोष्ट ही की या चित्रांना जागा कोठेच नाही. पुठ्ठ्यावरचे जुने चित्र वाळवीने खाल्ले नाही तर शंभर वर्षे भिंतीवर राहते. आगफाच्या कॅमेऱ्याने काढलेली चौरस कृष्णधवल चित्रे आजही ट्रंकांतून आणि जुन्या वह्यांच्या पानांतून निघतात. परंतु २००५ ते २०१५ या दशकातील असंख्य छायाचित्रे बिघडलेल्या मोबाइलसोबत, हरवलेल्या कार्डांसोबत आणि बंद पडलेल्या संगणकांसोबत नाहीशी झालेली आहेत. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत वार्षिक अंकांचे संच बांधून ठेवलेले असतात, तेथेच दर वर्षीची विद्यार्थ्यांनी काढलेली छायाचित्रे निवडून, छापून आणि त्यामागे दिनांक, स्थळ व व्यक्तींची नावे लिहून ठेवणे फारसे खर्चाचे काम नाही. त्या नोंदीत आणखी एक ओळ आवश्यक आहे. ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ या याद्यांत प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सर्वांची नावे सापडतात. चित्र कोणी काढले, ते मात्र त्यांत सहसा लिहिलेले नसते.